काळजी करताय की घेताय?

अप्रेझलचा सीझन आला की ऑफिसांमध्ये एक शब्द साथीच्या तापासारखा पसरतो. 'प्रोअ‍ॅक्टिव्ह'! "काम चांगलं आहे तुझं, टीमशीही छान जमतं... फक्त जरा आणखी प्रोअ‍ॅक्टिव्ह हो." बॉस हसत हसत एवढं म्हणतो आणि इन्क्रिमेंटमधले दोन टक्के अलगद काढून घेतो. आपण मान डोलावतो, डेस्कवर परत येतो आणि डोकं खाजवतो. म्हणजे नेमकं करायचं काय? मीटिंगमध्ये सगळ्यांच्या आधी हात वर करायचा? रात्री अकराला आलेल्या मेलला अकरा वाजून दोन मिनिटांनी उत्तर द्यायचं? की नुसतीच एक्सेल शीट उघडून गंभीर चेहरा करायचा?

मी पडले फ्रीलान्सर. मला बॉस नाही, अप्रेझल नाही. (इन्क्रिमेंटही नाही, पण तो विषय आज नको.) तरी या शब्दानं माझी पाठ सोडलेली नाही. कारण आमचं गणितच उलटं. आज लिहिलेल्या लेखाचे पैसे दोन महिन्यांनी येणार आणि घरमालकाचा फोन मात्र एक तारखेला सकाळीच येणार. पुढचा विचार केला नाही, तर आमच्या दुकानाचं शटर दुसऱ्याच महिन्यात खाली!

हा शब्द जगभरच्या ऑफिसांत पोहोचवला तो स्टीफन कव्ही यांच्या 'द सेव्हन हॅबिट्स ऑफ हायली इफेक्टिव्ह पीपल' या १९८९ सालच्या पुस्तकानं. सात सवयींमधली पहिलीच सवय 'बी प्रोअ‍ॅक्टिव्ह'. कव्ही त्यात दोन वर्तुळं काढून दाखवतात. मोठ्या वर्तुळात आपल्याला ज्या ज्या गोष्टींची चिंता वाटते त्या सगळ्या. आतल्या छोट्या वर्तुळात फक्त त्या, ज्यांच्यावर आपला काहीतरी इलाज चालतो. शहाण्या माणसानं छोट्या वर्तुळात काम करावं, असा एकूण फंडा.

मला विचाराल, तर मराठी माणसाला वर्तुळं काढायची गरजच नाही. आपल्याकडे त्यासाठी दोन क्रियापदं तयार आहेत. काळजी करणं आणि काळजी घेणं. शब्द एकच, पण करणारा रात्रभर कूस बदलत राहतो आणि घेणारा उठून छत्री बॅगेत टाकतो, मग निवांत झोपतो.

प्रश्न एवढाच, की करणाऱ्याचं घेणाऱ्यात रूपांतर कसं करायचं? टू-डू लिस्ट, पहाटे पाचचा अलार्म, महागडा प्लॅनर हे सगळं करून झालंय आपलं. (तुमचा प्लॅनर कितव्या पानापर्यंत भरलाय हो? माझ्या ओळखीतला रेकॉर्ड १९ जानेवारी आहे.) म्हणून आज जरा हटके उपाय. सगळे फुकट, आणि एकासाठीही पहाटे उठावं लागत नाही.

१. आधीच शोकसभा भरवा

गॅरी क्लाइन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी 'प्रीमॉर्टम' नावाचा एक उद्योग शोधून काढला आणि सप्टेंबर २००७ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये त्यावर लेख लिहिला. पोस्टमॉर्टेम मेल्यावर करतात, हे मरणाआधीच उरकायचं. टीमला एकत्र बसवायचं आणि सांगायचं, "मंडळी, आपला प्रोजेक्ट साफ आपटलाय. कशामुळे, ते प्रत्येकानं कागदावर लिहा." थोडा वेळ द्यायचा आणि मग एकेकानं आपलं एकेक कारण वाचून दाखवायचं.

यात गंमत आहे ती काळाची. "काय चुकू शकेल?" असं विचारलं की सगळे छताकडे बघतात. कारण जो बोलेल तो निगेटिव्ह ठरणार. 'शुभ बोल रे नाऱ्या' ऐकतच मोठे झालोय ना आपण! पण "चुकलंच आहे, आता कारण सांगा" म्हटलं की टीममधल्या प्रत्येक नाऱ्याला अधिकृत परवानगी मिळते. एरवी गप्प बसणारी नवी ट्रेनी हळूच सांगते की पासवर्ड एकट्या अमक्यालाच माहितेय आणि तो गणपतीला गावी जाणार आहे. कोणाला आठवतं की क्लायंटच्या ऑफिसात बाहेरचा पेनड्राइव्ह चालतच नाही. पाच मिनिटांत अशी दहा कारणं निघतात आणि त्यातल्या सहा-सातांचा बंदोबस्त त्याच संध्याकाळी होऊ शकतो.

टीम नसली तरी चालतं. मी एकटीच भरवते अशी सभा. मोठ्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी कागदावर वर लिहायचं, 'मुलाखत झालीच नाही', आणि खाली कारणं. रेकॉर्डरचा सेल, लोकलचा मेगाब्लॉक, पाहुण्यांच्या सेक्रेटरीला निरोपच न मिळणं... कागद भरला की फोन उचलायचा.

२. आपला अंदाज दुसऱ्याला बांधू द्या

"निघालोच, पाच मिनिटांत पोहोचतो," हे वाक्य मुंबईत रोज किती बाथरूममधून बोललं जात असेल! यालाही शास्त्रीय नाव आहे. डॅनियल कानेमन आणि आमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये त्याला 'प्लॅनिंग फॅलसी' म्हटलं. पुढे १९९४ मध्ये कॅनडातल्या तीन मानसशास्त्रज्ञांनी एक धमाल अभ्यास प्रसिद्ध केला. प्रबंध लिहीत असलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, किती दिवसांत संपवाल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. बरं, सगळं काही वाईटात वाईट झालं तर? तर सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले सुमारे ५५! म्हणजे आपण जीव मुठीत धरून केलेली वाईटात वाईट कल्पनासुद्धा कमीच पडते.

पण त्याच संशोधनात आणखी एक गोष्ट दिसली. दुसऱ्याचं काम कधी संपेल, याचा अंदाज बांधताना माणसं अजिबात एवढी आशावादी नसतात. तर मग करा की याचा फायदा! शेजारच्या डेस्कवरच्या मित्राला विचारा, "हे मला कधीपर्यंत जमेल असं वाटतं?" तो निर्दयपणे जो आकडा सांगेल, तो बॉसला कळवा. विचारायला कोणी नसेल तर स्वतःलाच प्रश्न बदलून विचारा. 'किती दिवस लागतील?' याऐवजी 'मागच्या तीन वेळा किती लागले होते?' मी डायरीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने ठेवलेत. एकात मनात आलेले दिवस, दुसऱ्यात खरे लागलेले दिवस. संपादकांना तारीख देताना मी फक्त दुसरा रकाना बघते.

३. जर-तरच्या गोष्टी कराच

'जर-तरला काही अर्थ नसतो' असं आपण क्रिकेट मॅच हरल्यावर म्हणतो. मॅचआधीच्या जर-तरला मात्र भरपूर अर्थ असतो. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं यावर वर्षानुवर्षं काम केलंय. त्याचा एक प्रयोग तर थेट नाताळच्या सुटीतला. विद्यार्थ्यांना सुटीत एक छोटा रिपोर्ट लिहून पाठवायला सांगितलं होतं. काहींनी नुसतं 'हो' म्हटलं, तर काहींकडून तो कधी आणि कुठे बसून लिहिणार, हे आधीच ठरवून घेतलं. ज्यांनी वेळ आणि जागा ठरवली, त्यांच्यातले वेळेत लिहिणारे नुसत्या 'हो'वाल्यांच्या दुपटीहून जास्त निघाले.

म्हणून 'या वर्षी पैसे साठवणार' हा संकल्प झाला. 'जर पगाराचा मेसेज आला, तर चहाला उठायच्या आधी पाच हजार दुसऱ्या खात्यात' ही झाली जर-तर. 'जास्तीचं काम गळ्यात घेणार नाही' हा निर्धार, तो मीटिंगच्या दारापर्यंत टिकतो. 'जर नवी जबाबदारी अंगावर आली, तर हो म्हणायच्या आधी विचारीन, की हातातलं कोणतं काम बाजूला ठेवू?' ही जर-तर. ती आयत्या वेळी तोंडातून आपोआप बाहेर पडते, कारण विचार आधीच करून ठेवलेला असतो. बॉससमोर उभं राहून विचार करणं भल्याभल्यांना जमत नाही.

४. आगोट भरा

ही आयडिया मात्र हार्वर्डची नाही, कोकणातली आहे. पाऊस सुरू व्हायच्या आधी चार महिन्यांची जी बेगमी करतात, ती आगोट. लाकूडफाटा, मीठ-मसाला, सोडे, सुकट, बोंबील. घराची कौलं उतरवून नीट लावायची, म्हणजे शाकारणी. देशावर हीच गोष्ट वाळवणाच्या रूपात. गच्चीवर कुरडया, सांडगे, पापड. यात कोणालाही मोटिव्हेशनल स्पीच लागत नव्हतं, कारण तारीख पंचांगात छापलेली होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग निघणार म्हणजे निघणार. त्याच्या आत छप्पर व्हायलाच हवं.

आपल्या आयुष्यातही असे मृग असतात, फक्त आपण ते कॅलेंडरवर मांडत नाही. रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या कोकणातल्या गाड्या बघता बघता वेटिंगवर जातात, हे काय नवीन आहे? मुंबईत पावसाळ्यात साडेचार मीटरपेक्षा मोठी भरती कोणकोणत्या दिवशी आहे, याची यादी महापालिका आधीच जाहीर करते. घराचा भाडेकरार संपायची तारीख करारावरच असते. गाडीचा इन्शुरन्स, पासपोर्टची मुदत, टॅक्सची शेवटची तारीख... यातलं एकही संकट अचानक येत नाही.

तेव्हा एका रविवारी बसा आणि येत्या वर्षातल्या ज्या तारखा आत्ताच माहीत आहेत त्या सगळ्या कॅलेंडरवर टाका. आता त्यातली खरी ट्रिक. प्रत्येक तारखेच्या आधी मागे मोजत जाऊन दुसरी एक तारीख लिहा, 'आगोट' म्हणून. रिमाइंडर त्या तारखेचा लावा. पासपोर्ट संपायच्या दिवशी वाजणारा अलार्म काय कामाचा? वरातीमागून घोडं!

५. काळजीला अपॉइंटमेंट द्या

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं तारखा असलेल्या गोष्टींचं झालं. ज्यांना तारीखच नाही, त्यांचं काय? नोकरी राहील का, लग्नाचं काय, आपण मागे तर पडत नाही ना... ही मंडळी रात्री दीड वाजता न बोलावता येतात.

त्यांच्यासाठी थॉमस बोर्कोवेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये एक उपाय सुचवला होता. काळजीसाठी रोजचा अर्धा तास ठरवून टाकायचा. वेळ तीच, जागा तीच. दिवसभरात काळजी डोकावली की तिला सांगायचं, "संध्याकाळी ये." आणि तो अर्धा तास मनसोक्त काळजी करायची, त्यावर उपाय शोधायचे.

माझी वेळ साडेसहाची, बाल्कनीत, चहाबरोबर. कागदावर मधोमध रेघ. डावीकडे 'करायची', उजवीकडे 'घ्यायची'. एआय आमच्या नोकऱ्या खाणार का? डावीकडे. तरी एखादं नवं कौशल्य शिकायला कधी सुरुवात करू? उजवीकडे, तारखेसकट. आठवडाभर हे कागद जपून ठेवा. मग जी ओळ रोज येत असेल, तिच्याभोवती गोल करा. तुमचं खरं काम तिथे आहे.

रात्री अडीचचा फोन

माझ्या कागदांवर रोज येणारी ओळ होती, 'आई-बाबा. साताऱ्यात. दोघंच.' तुमच्या कागदावरही, गावाचं नाव बदलून, हीच ओळ निघाली तर मला आश्चर्य वाटणार नाही. गाव सोडून शहरात आलेल्या आपल्या सगळ्यांची ही कॉमन काळजी. आपण ती फोनवर करतो, स्टेटस बघून करतो, रात्री उशिरा रिंग वाजली की छातीत धस्स होईपर्यंत करतो.

मग मी पहिला फंडा इथेच वापरला. समजा, रात्री अडीचला फोन आलाय, बाबांच्या छातीत दुखतंय आणि सगळं अडलंय. कशामुळे? लिहीत गेले. जवळचं कोणतं हॉस्पिटल रात्री हार्टचा पेशंट घेतं? बाबांच्या गोळ्यांची नावं काय? मेडिक्लेमचं कार्ड कुठे आहे? १०८ ची अ‍ॅम्ब्युलन्स यायला उशीर झाला तर शेजारी कोणाकडे गाडी आहे? अकरा प्रश्न झाले. तो कागद घेऊन शनिवारी साताऱ्याला गेले.

आईनं ऐकून घेतलं. मग उठली, स्वयंपाकघरातल्या डब्यांमागून एक जुनी वही काढून माझ्यासमोर ठेवली. बाबांच्या गोळ्या, त्यांच्या वेळा, डॉक्टरांचे नंबर. पॉलिसी, त्यांच्या हप्त्यांच्या तारखा. गॅसचा ग्राहक क्रमांक. समोरच्या काकांच्या मुलाचा मोबाइल आणि त्याच्यापुढे कंसात 'रात्री गाडी चालवतो'. माझ्या अकरा प्रश्नांपैकी नऊ उत्तरं तिथे होती, तिच्या सुबक अक्षरात. प्रोअ‍ॅक्टिव्ह हा शब्द तिनं आयुष्यात वापरला नसेल. तिचं अप्रेझलही कधी कोणी केलं नाही.

वही दोनदा चाळली, तेव्हा लक्षात आलं की त्यात तिचं स्वतःचं काहीच नाही. ना रक्तगट, ना तिची थायरॉइडची गोळी.

"माझं कशाला लिहायचं? मला पाठ आहे की."

तेव्हा तिला मी डॉ. अतुल गावंडे यांची गोष्ट सांगितली. अमेरिकेतले नामवंत सर्जन, पण घराणं आपल्याकडचं, यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचं. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑपरेशनआधी-नंतर वाचायची १९ मुद्द्यांची यादी बनवली. पेशंट तोच आहे ना, जागा तीच आहे ना, अँटिबायोटिक दिलं ना... प्रत्येक सर्जनला तोंडपाठ असलेल्याच गोष्टी. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांमधल्या आठ हॉस्पिटल्समध्ये ती वापरून बघितली. २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले, तेव्हा मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलेलं होतं.

"एवढ्या मोठ्या डॉक्टरांना चिठ्ठी लागते?" आईनं विचारलं.

"लागते. आणि आई, तुला सगळं पाठ आहे, पण फोन तुझ्याबद्दलच आला तर?"

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग वही माझ्याकडे सरकवत म्हणाली, "लिही तू."

त्या दुपारी आम्ही तिचं पान लिहिलं. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं बाबांनी फोन करून मिळवली. वहीचे फोटो घरच्या ग्रुपवर गेले, एक कागद फ्रीजवर लागला आणि एक समोरच्या काकांकडे. सगळं मिळून दोन तास लागले, त्यात चहा दोनदा.

यानं काळजी संपली का? छे! २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तो कुठल्याही यादीनं थांबला नसता. डावीकडचा रकाना माणसाच्या आयुष्यात कायमचा असतो. पण माझ्या साडेसहाच्या कागदावरची ती ओळ आता रोज येत नाही. आली तरी 'जूनमध्ये औषधांचं पान नवं करायचं' अशी येते, उजवीकडे.

तेव्हा या वीकेंडला मॉलला जायच्या आधी एक फोन घरी लावा आणि विचारा, "आपल्याकडे अशी वही आहे का गं?" असेल तर तिच्यात आईचं पान आहे का, तेही विचारा. आणि फोन ठेवताना ती नेहमीसारखं "काळजी घे" म्हणेल, तेव्हा जरा नीट ऐका. "काळजी कर" असं ती आजवर एकदाही म्हणालेली नाही.

भेटू पुढच्या आठवड्यात!